कमी होणे : इंग्रजी शब्दांविषयी एक संवाद

साशंक : इंग्रजीत एखादी वस्तू आकाराने लहान होणे, प्रमाणाने उतरणे किंवा संख्येने कमी होणे सांगणाऱ्या क्रियापदांची यादी करायला बसले, तर पाने भरतात. डिक्रीज, डिमिनिश, ड्विंडल, डिक्लाइन, श्रिंक, वेन, एब, अबेट, सबसाइड, टेपर, प्लमेट ही त्यांतली केवळ नेहमीची नावे झाली. या विपुलतेचे कौतुक पुष्कळ होते, परंतु तिचा उपयोग प्रत्यक्षात कसा केला जातो हे पाहावे. परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला लेखनाच्या पहिल्या प्रश्नात बहुधा एखादा आलेख किंवा तक्ता देऊन निदान १५० शब्दांत त्याचे वर्णन करायला सांगतात, आणि गुणदानाच्या चार कसोट्यांपैकी एक कसोटी शब्दसंपदेची असते. त्यामुळे शिकवणी वर्गांतून या क्रियापदांच्या याद्या पाठ करून घेतल्या जातात, एकच शब्द दोनदा येऊ देऊ नये असे बजावले जाते, आणि मग तीन टक्क्यांनी उतरलेली रेषाही ‘प्लमेट’ झाली, म्हणजे थेट कोसळली, असे लिहिले जाते. आकडे समोर असताना शब्दांचा हा पसारा माहितीत कोणती भर घालतो? ‘अमुक इतके होते, तमुक इतके झाले’ एवढे वाक्य पुरेसे आहे. त्याहून अधिक जे काही असेल ते अलंकरण, आणि आकड्यांच्या लेखनात अलंकरण हा दोषच मानला पाहिजे.

रसज्ञ : या शब्दांना समानार्थी मानून त्यांची यादी केली गेली, तेथेच चूक झाली. दोन आकडे घटीची दोन टोके सांगतात, परंतु ती घट कोणत्या वाटेने झाली हे सांगत नाहीत. ‘ड्विंडल’ हे क्रियापद खंगणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूपासून आले, आणि आजही थोडे थोडे करून जवळजवळ काहीच उरू नये अशा घटीलाच ते शोभते. वेढा पडलेल्या शहरातला धान्यसाठा ड्विंडल होतो, शंभर पोत्यांची पंच्याण्णव झाली तर त्याला कोणी ड्विंडल म्हणत नाही. ‘प्लमेट’ हे मुळात नाम आहे. भिंतीचा उभा सरळपणा तपासण्यासाठी किंवा समुद्राची खोली मोजण्यासाठी दोरीला बांधून सोडलेला शिशाचा गोळा म्हणजे प्लमेट, आणि वेगाने सरळ खाली येणे हा त्याचा आजचा क्रियापदाचा अर्थ विसाव्या शतकात रूढ झाला. ‘टेपर’ म्हणजे मेणबत्ती. तिच्या निमुळत्या आकारावरून हळूहळू बारीक करत नेणे हा अर्थ निघाला. ‘एब’ ओहोटीचा शब्द आहे आणि ‘वेन’ कृष्णपक्षातल्या चंद्राचा, म्हणून या दोहोंत पुन्हा भरून येण्याची शक्यता निदान नाकारलेली नसते. ‘इरोड’ हा कुरतडणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला, ज्या धातूवरून उंदीर, घुशी, खारी यांच्या वर्गाला ‘रोडंट’ हे नाव मिळाले, आणि तेथे घट बाहेरून आत, कडेकडेने होते. मराठी वाचकाला ही दृष्टी नवीन नाही. पूर ओसरतो, विहीर आटते, वहाण झिजते, गर्दी रोडावते, प्रकृती खालावते, रंग फिका पडतो. या साऱ्यांच्या जागी ‘कमी होणे’ लिहून टाकले तर वाक्य चुकणार नाही, परंतु घट पाण्याची होती की चामड्याची, हे मनाला जे एका शब्दात कळत होते ते कळेनासे होईल.

साशंक : शब्दाचा उगम सांगितल्याने त्याचा आजचा अर्थ सिद्ध होत नाही. ‘प्लमेट’ लिहिणाऱ्या बातमीदाराच्या मनात शिसे नसते. ‘रिड्यूस’ या क्रियापदाचा मूळ लॅटिन अर्थ मागे आणणे, परत नेणे असा आहे. तो अर्थ आता मुख्यतः अस्थिवैद्यकात उरला आहे, जेथे सरकलेले हाड पूर्ववत जागी बसवण्याला ‘रिडक्शन’ म्हणतात. बाकी जगाला त्या परतीचा मागमूसही नाही. ‘कर्टेल’ हा शब्द शेपूट छाटलेल्या घोड्याच्या नावावरून आला, पण सभेचा वेळ कर्टेल करणाऱ्या अध्यक्षाला तो घोडा दिसत नाही. ‘डेसिमेट’ हा रोमन सैन्यातल्या शिक्षेचा शब्द, बंड करणाऱ्या तुकडीतल्या दहांपैकी एकाला मारणे असा त्याचा अर्थ. आज तो बहुतेकांना संपवण्यासाठी वापरतात आणि शुद्धतावादी त्यावर व्यर्थ रागावतात. याच शुद्धतावाद्यांनी या क्षेत्रात सर्वांत कडक पहारा ठेवला आहे तो ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ या दोन शब्दांवर. जे मोजता येते त्याला फ्यूअर आणि जे मापावे लागते त्याला लेस, असा नियम शाळाशाळांतून शिकवला जातो. परंतु नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याच्या नावे असलेल्या, रोमन तत्त्वज्ञ बोएथियसच्या ग्रंथाच्या भाषांतरातच मोजता येणाऱ्या शब्दांसाठी ‘लेस’ आलेला आहे, आणि आजच्या नियमाचा माग काढत गेले तर तो रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाच्या १७७० मधल्या पुस्तकापाशी पोचतो, जेथे त्याने ही केवळ स्वतःची आवड म्हणून नोंदवली होती. एका माणसाची आवड पुढे व्याकरण झाली, आणि २००८ मध्ये ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीला दहा किंवा त्याहून कमी वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवरची पाटी या वादापायी बदलून ‘दहापर्यंत वस्तू’ अशा अर्थाची करावी लागली. ज्या क्षेत्रातला सर्वांत जपलेला भेद इतक्या तकलादू पायावर उभा आहे, तेथल्या इतर छटांवर किती विश्वास ठेवावा?

रसज्ञ : उगम हा पुरावा नव्हे, हे मान्य करावे लागेल. पुरावा आहे तो शब्दाच्या सोबतीचा, म्हणजे कोणते क्रियापद कोणत्या नामाशेजारी बसते याचा. पूर ‘सबसाइड’ होतो, वादळ ‘अबेट’ होते, साठे ‘ड्विंडल’ होतात, प्रभाव ‘वेन’ होतो. पूर ड्विंडल झाला असे इंग्रजीच्या सवयीचा माणूस म्हणत नाही, आणि कोणी म्हटले तर ऐकणारा क्षणभर थांबतो. हे थांबणे ज्या भेदामुळे होते तो भेद जिवंत आहे, मग बोलणाऱ्याला शिसे आठवो वा न आठवो. कायद्याने तर ‘अबेट’ला काटेकोर व्याख्याच दिली आहे. वादी किंवा प्रतिवादी मरण पावला, दावा चालवण्याचा हक्क शिल्लक राहिला आणि तरीही त्याचे वारस मुदतीत अभिलेखावर आणले नाहीत, तर त्याच्यापुरता दावा ‘अबेट’ होतो. भारतीय दिवाणी न्यायालयांत हा शब्द रोज उच्चारला जातो, आणि त्याच्या जागी ‘कमी झाला’ म्हणून चालणार नाही. लेस आणि फ्यूअर यांच्या नियमाचा इतिहास कच्चा असेल, परंतु त्या नियमामागचा प्रश्न पक्का आहे. घट मापातली आहे की मोजणीतली, हे विचारल्याशिवाय पुष्कळ गोष्टी समजतच नाहीत. भारतीय हवामान विभाग ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडतो त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतो. आता एखाद्या तालुक्यात यंदा ‘पाऊस कमी झाला’ असे म्हटले, तर मिलिमीटर कमी भरले की पावसाचे दिवस कमी झाले? दिवस घटूनही एकूण मिलिमीटर तेवढेच राहू शकतात, म्हणजे तेच पाणी थोड्या दिवसांत धो-धो पडून वाहून जाते, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन घटींत पीक हाती येणे आणि न येणे एवढे अंतर असते. मराठीतल्या ‘कमी’ या शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ती मराठीची उणीव म्हणता येणार नाही, पण बोलणाऱ्याने प्रश्न स्वतःहून उलगडायला हवा. इंग्रजीचा तो कृत्रिम नियम निदान बोलणाऱ्याला त्या प्रश्नापाशी आणून उभा करतो.

साशंक : पावसाच्या दिवसांचे उदाहरण योग्य आहे, परंतु तेथेही उलगडा झाला तो मिलिमीटर आणि दिवस या दोन एककांनी. शब्दाने काम केले नाही, एककाने केले. शब्दांवर विसंबल्याने काय होते याचे उदाहरण त्याच ‘टेपर’ शब्दात आहे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, २०१३ मध्ये दरमहा ८,५०० कोटी डॉलरचे रोखे विकत घेऊन बाजारात पैसा सोडत होती. त्या वर्षी मे महिन्यात अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे ही खरेदी पुढे मंद करता येईल असे सुचवले आणि ‘टेपर’ हा शब्द जगभर झाला. खरेदी थांबणार नव्हती, रोखे विकले जाणार नव्हते, फक्त खरेदीचा वेग उतरणार होता, आणि तोही प्रत्यक्ष उतरवण्याचा पहिला निर्णय डिसेंबरात झाला, ८,५०० वरून ७,५०० कोटींवर. परंतु तेवढ्या सूचनेने भारतातून परकी पैसा निघू लागला आणि मेमध्ये डॉलरला ५५ च्या आसपास असलेला रुपया ऑगस्टअखेर ६८ च्या पलीकडे गेला. वस्तूची घट आणि वस्तूच्या वाढीच्या वेगाची घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घटीची जवळजवळ सारी इंग्रजी क्रियापदे त्या दोहोंसाठी सारखीच वापरली जातात. महागाईच्या बातम्यांत हा घोळ नित्याचा आहे. १०० रुपयांची वस्तू ८ टक्के महागाईने १०८ रुपयांची झाली आणि पुढल्या वर्षी महागाईचा दर ४ टक्क्यांवर आला, तर ‘महागाई निम्म्यावर आली’ असे छापले जाते. प्रत्यक्षात ती वस्तू ११२ रुपये ३२ पैशांना पडते, आणि बाजारात पिशवी घेऊन गेलेल्या माणसाला ती बातमी खोटी वाटते. शिवाय ही घट ४ अंकांची म्हणावी की ५० टक्क्यांची, हा आणखी एक घोळ. अशा जागी ‘ईझ’, ‘कूल’, ‘मॉडरेट’ असली क्रियापदे माहिती देण्याऐवजी दिलासा देतात.

रसज्ञ : २०१३ च्या त्या प्रसंगाचा दोष शब्दावर टाकता येत नाही. ‘टेपर’ने जे सांगितले ते काटेकोर होते, आणि गुंतवणूकदारांनाही ते समजले होते, त्यांनी पुढचा अंदाज आजच बांधला, एवढेच. उलट तो शब्द नसता तर वेगाची घट आणि वस्तूची घट यांतला फरक सांगायला एक परिच्छेद लागला असता. महागाईबाबतही इंग्रजी अर्थशास्त्राने दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. भाव वाढतच आहेत पण वाढीचा वेग उतरला, ते ‘डिसइन्फ्लेशन’. भावच उतरू लागले, ते ‘डिफ्लेशन’. सामान्य वृत्तपत्रीय मराठीत या दोहोंना असे वेगळे आणि सर्वांच्या ओठांवरचे शब्द अद्याप नाहीत, आणि ती उणीव भरून काढली पाहिजे असे कळकळीने वाटते. मराठीकडे मात्र असे एक साधन आहे ज्यासाठी इंग्रजीला ‘बाय’ आणि ‘टू’ या इवल्याशा शब्दांवर भिस्त ठेवावी लागते. ‘२० टक्क्यांनी उतरले’ आणि ‘२० टक्क्यांवर उतरले’ यांतला फरक मराठीचे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये इतक्या ठळकपणे सांगतात की, ऐकताना तो सहसा निसटत नाही.

आकड्यावर पूर्ण भरवसा टाकण्यालाही एक अडचण आहे. घट कोठून मोजायची, हे आकडा स्वतः ठरवत नाही. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये सरकत्या आधाररेषेची कल्पना मांडली. प्रत्येक पिढीतला अभ्यासक स्वतःच्या उमेदवारीच्या काळात समुद्रात जेवढे मासे होते तेवढेच मूळचे मानतो आणि तेथून पुढची घट मोजतो, त्यामुळे आधीच्या पिढ्यांत झालेली घट हिशेबातूनच गळते. प्रत्येक पिढीचे आकडे खरे असतात, आणि तरीही सर्व पिढ्यांचे मिळून खोटे ठरतात. अशा वेळी ‘डिप्लीटेड’, म्हणजे उपसून रिते केलेले, असे विशेषण निदान एवढी आठवण देते की येथे पूर्वी काही भरलेले होते.

साशंक : आधाररेषेचा मुद्दा खराच जड आहे, आणि तो आकड्यांच्या बाजूचा पाया हलवतो हे कबूल केले पाहिजे. परंतु त्यातून संशय कमी न होता अधिक खोल जातो. घट सांगणाऱ्या शब्दाने तीन गोष्टी सांगायला हव्यात : कोठून, किती वेगाने, आणि कोणी. पहिल्या दोहोंविषयी बोलून झाले. तिसऱ्या गोष्टीत इंग्रजीची ही सारी समृद्धी एकाएकी मुकी होते. ‘श्रिंक’ हे क्रियापद अकर्मकही आहे आणि सकर्मकही. पुडा आक्रसला आणि कंपनीने पुडा आक्रसवला, दोन्हीकडे तेच रूप. मराठीत घटणे आणि घटवणे, आटणे आणि आटवणे अशी रूपे वेगळी असल्यामुळे कर्ता लपवायचा तर निदान रूप बदलावे लागते. इंग्रजीत कर्त्याचे नाव गाळले की काम झाले. अरल समुद्राचे उदाहरण घ्यावे. हे एके काळचे जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर, आणि त्याच्याविषयी इंग्रजीत हजारदा लिहिले गेले ते ‘श्रिंक झाला’ असेच. १९६० च्या दशकापासून सोव्हिएत नियोजनाने अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या सरोवराचे दोन तुकडे झाले. समुद्र आपण होऊन आक्रसत नसतो.

माणसांच्या बाबतीत तर शब्द जाणूनबुजून घडवले जातात. ‘डाउनसाइझ’ हा शब्द १९७० च्या दशकात अमेरिकी मोटार कंपन्यांनी लहान गाड्या काढायला सुरुवात केली तेव्हाचा. पुढल्या दशकात तोच शब्द नोकरांना लागू झाला, आणि मग त्याचीही धार बोथट करण्यासाठी ‘राइटसाइझ’, म्हणजे योग्य आकारावर आणणे, असा शब्द निघाला. मुंबईला हा प्रकार फार आधी ठाऊक झाला होता. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा जो सार्वत्रिक संप चालला, त्याच्या मुळाशी ‘रॅशनलायझेशन’ हा शब्द होता. अर्थ शब्दशः पाहिला तर विवेकी मांडणी, व्यवहारात मात्र दोन मागांवरच्या विणकऱ्याने तीन माग सांभाळायचे आणि तिसऱ्या मागावरच्याने घरी जायचे. अर्थव्यवस्थेच्या आकुंचनाला ‘निगेटिव्ह ग्रोथ’, म्हणजे उणी वाढ, म्हणण्याची पद्धतही अशीच. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत भारताचे सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरले, आणि तेव्हाही वाढ हा शब्द वाक्यात टिकवून धरण्याची धडपड दिसली.

रसज्ञ : घटीला वाढ म्हणणे ही इंग्रजीची मक्तेदारी नाही. मराठी घरांत बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’ म्हणतात, मंगळसूत्र तुटले तर ‘वाढवले’ म्हणतात, नारळ फोडत नाहीत, ‘वाढवतात’, आणि दुकान रात्री बंद करत नाहीत, ‘वाढवतात’. अशुभाचा उच्चार टाळण्याची ती रीत आहे, आणि तिच्यात फसवणूक नाही, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला बांगडी फुटली हे ठाऊक असते. ‘निगेटिव्ह ग्रोथ’मध्ये नेमका तोच करार नसतो, हे खरे. पण म्हणून शब्द मऊ असणे हाच दोष ठरत नाही, ऐकणाऱ्याला आतली गोष्ट माहीत आहे की नाही यावर तो अवलंबून आहे. शिवाय इंग्रजीत कर्ता उघडा पाडणारी क्रियापदेही कमी नाहीत. ‘स्लॅश’ म्हणताच कोणाच्या तरी हातात सुरी असते. ‘डॉक’ म्हटले की कोणी तरी कोणाचा तरी पगार कापलेला असतो, ‘व्हिटल’ म्हटले की कोणी तरी बसून कपटा कपटा तासत असतो. लिहिणारा ही टाळून ‘डिक्लाइन’ निवडतो, तेव्हा ती निवड लिहिणाऱ्याची असते. कोशात दुसरा शब्द होता म्हणूनच ती निवड उघडी पडते. शब्द थोडे असते तर टाळाटाळ पकडताच आली नसती.

आणि हे शब्द नेहमी वरूनच येतात असेही नाही. किंमत तीच ठेवून पुड्यातले वजन कमी करण्याला ‘श्रिंकफ्लेशन’ हे नाव मिळाले, ते आक्रसणे आणि महागाई यांची सांगड घालून. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांचाच राहतो आणि बिस्किटे कमी होत जातात, हे प्रत्येक घराला जाणवत होते. नाव मिळाल्यावर त्याविषयी कायदा करता आला. फ्रान्सने १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा मालाशेजारी तशी सूचना लावणे बंधनकारक केले. आकडा त्या पुड्यावर पूर्वीही छापलेला होता, ग्रॅममध्ये, स्पष्ट अक्षरांत, आणि तरीही तो कोणाच्या ध्यानात येत नव्हता.

साशंक : हे उदाहरण आकड्यापेक्षा नावाचे बळ दाखवते, यात वाद नाही. पण त्या नावाचाच घाट पाहावा. ‘फ्लेशन’ जोडल्याबरोबर ती गोष्ट महागाईच्या कुळात गेली, म्हणजे हवामानासारखी आपोआप येणारी झाली, आणि वजन कमी करण्याचा निर्णय ज्या बैठकीत झाला ती बैठक पुन्हा नजरेआड गेली. या सर्व उदाहरणांत एक समान गोष्ट दिसू लागली आहे. पुडा आक्रसला, म्हणजे दर ग्रॅमची किंमत वाढली. विणकरी कमी झाले, म्हणजे प्रत्येक विणकऱ्यावरचे माग वाढले. अरल ओसरला, म्हणजे कापसाखालचे क्षेत्र वाढले. माणसांच्या व्यवहारातली घट बहुतेक वेळा दुसऱ्या कशाच्या तरी वाढीची मागची बाजू असते, आणि घटीच्या शब्दांचे भांडार कितीही मोठे असले तरी ते सारे त्याच एका बाजूला उभे राहून बोलतात. मग या वैभवाचा मोह सोडून प्रत्येक घट वाढीच्या भाषेत लिहावी, असे का म्हणू नये? वाढीचे वाक्य कर्ता मागते. ‘दर ग्रॅमची किंमत वाढली’ म्हटले की कोणी वाढवली हा प्रश्न लगेच येतो. ‘पुडा लहान झाला’ म्हटले की येतोच असे नाही.

रसज्ञ : ही सूचना आतापर्यंतच्या सर्व आक्षेपांहून अधिक विचार करायला लावणारी आहे, आणि महाराष्ट्रातल्या भूजलाच्या लेखनात ती तत्काळ लागू करावीशी वाटते. ‘पाण्याची पातळी खालावली’ हे वाक्य उन्हाळ्यात रोज छापले जाते; त्याच्या जागी ‘उपसा वाढला’ असे लिहिले तर बोअरवेल, ऊस आणि वीजपंप तिन्ही वाक्यात आपोआप हजर होतात. ‘उपसा’ हा मराठी शब्द या कामी इंग्रजीतल्या ‘डिक्लाइन’पेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे. परंतु गिधाडांचे काय करायचे? पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडले ते डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधात : गुरांना ते दिले जाई, मेलेली गुरे गिधाडे खात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरत. २००६ मध्ये भारताने त्याचे जनावरांसाठीचे उत्पादन बंद केले. आता ही घट वाढीच्या भाषेत लिहायची तर ‘डायक्लोफिनॅकचा वापर वाढला’ असे लिहावे लागेल. ते वाक्य खरे आहे, पण त्यात गिधाड उरत नाही. वापर वाढवणारेही कोण, तर आपल्या लंगड्या बैलाचे दुखणे पाहवत नाही म्हणून औषध आणणारे शेतकरी आणि ते देणारे पशुवैद्य, ज्यांच्यापैकी एकालाही आकाशातून काही कमी होत आहे याची कल्पना नव्हती. मुंबईत मलबार हिलवरच्या दोखम्यांमध्ये, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या जागी, पारशी समाजाला त्या घटीचा जो अनुभव आला, तो कोणत्याही गोष्टीच्या वाढीच्या वाक्यात मावणारा नाही. जे गेले त्याच्यावर नजर खिळवून ठेवणारे क्रियापद तेथे हवेच, आणि ते कर्त्याशिवायचेच असावे लागेल, कारण नाव घेण्याजोगा कर्ता नाही.

साशंक : म्हणजे कर्त्याशिवायचे तेच व्याकरण गिधाडांच्या बाबतीत प्रामाणिक आणि अरलच्या बाबतीत अप्रामाणिक ठरते, आणि वाक्य वाचणाऱ्याला त्या दोहोंतला फरक वाक्यावरून कळण्याची सोय नाही. हेतू नसलेल्या हजारो हातांनी झालेली घट आणि एका बैठकीत ठरलेली घट यांना इंग्रजीने पन्नास क्रियापदांत एकही वेगळे क्रियापद दिलेले नाही, हे तर आपण आता नाकारणार नाही.

रसज्ञ : नाकारता येत नाही. पण भूजलाचा विचार केला तर असे क्रियापद असते तरी ते कोणत्या बाजूला लावायचे, हे ठरत नाही. एकेक बोअरवेल घेणाऱ्या शेतकऱ्याचा हेतू शेजाऱ्याची विहीर आटवण्याचा नसतो, म्हणून ती गिधाडांसारखी घट. आणि खोल गेलेल्या प्रत्येक बोअरने शेजारची विहीर आटते हे आता साऱ्या गावाला ठाऊक असते, म्हणून ती तशी नाहीही. २००६ नंतर डायक्लोफिनॅक देणाऱ्याचेही तसेच. माहिती कोणत्या दिवशी पुरेशी झाली, आणि त्या दिवसापासून ‘खालावली’ सोडून ‘उपसली’ लिहायला हवे होते, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे?

साशंक : ते ठरेपर्यंत दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी छापावीत, पातळी किती खालावली आणि उपसा किती वाढला, प्रत्येकी आपापल्या आकड्यासह, आणि कोणत्या वर्षापासून मोजले, तेही सांगावे.

रसज्ञ : तसे छापले तरी दोहोंपैकी एक वाक्य आधी येईल आणि एक नंतर, आणि मथळ्यात एकच मावेल.